आग्रह न चालणारा पाहुणा

मराठी घरात माया मोजायचं माप एकच, ते म्हणजे ताट. पाहुणा असो, जावई असो की शेजारचं पोर, त्याच्या पोटात दोन घास जास्त गेले की घरच्या बाईचा जीव शांत होतो. 'अर्धीच वाढते' म्हणत अख्खी पोळी पानात टाकायची, 'पोट भरलं' हे वाक्य ऐकूच आलं नाही असं दाखवायचं आणि लेकरू तोंड फिरवू लागलं की चिऊ-काऊच्या नावाने घास भरवायचे, हे सगळं आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. गाईला पोळी, कावळ्याला घास, मुंगीला साखर, अशी आपली भूतदयाही वाढूनच दाखवली जाते. नागपंचमीला तर आपण सापापुढेसुद्धा दुधाची वाटी ठेवतो. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाच्या हाती परदेशातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये वीतभर लांबीचं सापाचं पिल्लू आलं आणि त्याने जेवायलाच नकार दिला, तर त्या माणसाने काय करावं?

प्रश्न विचित्र वाटेल, पण अगदीच हवेतला नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साप पाळीव प्राण्यांच्या दुकानात रीतसर विकत मिळतो. तिथली शाळकरी मुलं वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू मागतात, तशी काही मुलं सापाचं पिल्लूही मागतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुलं त्याच शाळांत जातात, त्याच मित्रांच्या घरी खेळतात. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आजीने मटार काढायला फ्रीजर उघडावा आणि आत गोठवलेल्या उंदरांची पिशवी दिसावी, अशी वेळ एखाद्या घरावर येऊ शकते. धक्का ओसरल्यावर आजीचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असणार, 'अरे, पण ते खातं तरी का नीट?'

खरी गोम तिथेच आहे. पहिल्यांदा साप पाळणाऱ्याला वाटत असतं, की हा चावेल, निसटेल, गळ्याशी येईल. प्रत्यक्षात त्याची झोप उडते ती साप खात नाही म्हणून. आणि या काळजीपोटी तो जे जे करतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टी पिल्लाच्या जिवावर उठतात. आपल्या देशात देशी साप पाळणं हा गुन्हा आहे, त्याविषयी पुढे येईलच. पण तिकडच्या या घरगुती पेचातून आपणही शिकावं असं बरंच आहे.

मक्याचा साप

नवख्या माणसाने पाळण्याजोगा म्हणून ज्याचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, तो 'कॉर्न स्नेक'. अमेरिकेच्या आग्नेय भागात, फ्लोरिडापासून वर न्यू जर्सीपर्यंत आढळणारा हा बिनविषारी साप आपल्या धामणीची आठवण करून देतो. धामणीसारखाच तो उंदरांच्या मागावर शेताच्या आणि कोठारांच्या आसपास वावरतो. मक्याच्या कोठारांत सापडतो म्हणून, किंवा पोटावरची काळी-पांढरी चौकटींची नक्षी मक्याच्या रंगीत दाण्यांसारखी दिसते म्हणून, त्याला हे नाव पडलं असं सांगतात. पूर्ण वाढला की तीन ते पाच फूट भरतो. स्वभाव शांत, रंग देखणा, आणि बाजारात मिळणारी पिल्लं पिढ्यान् पिढ्या माणसांच्या घरातच जन्मलेली.

तिकडेही सगळीकडे मोकळं रान आहे असं मात्र नाही. न्यू जर्सीत मराठी माणसांची वस्ती मोठी, पण तिथल्या रानातला कॉर्न स्नेक राज्याच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि तो पाळायचा तर परवाना लागतो. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळताच येत नाहीत. हवाई बेटांवर तर कोणताही साप पाळायला बंदी आहे. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आपल्या राज्याचा कायदा वाचणं, ही पहिली पायरी.

कॉर्न स्नेकची मादी एका वेळी दहा ते तीस अंडी घालते आणि निघून जाते. दोनेक महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना पाहायला आई नसते, बाप नसतो. चोचीत चोच घालून भरवणारं कुणी नाही की दूध पाजणारं कुणी नाही. जन्मतः पिल्लू आठ ते बारा इंचांचं आणि वजनाने पाच-सात ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्यातल्या साखरेपेक्षा थोडंसंच जास्त. अंड्यातल्या बलकाचा उरलेला साठा त्याच्या पोटात असतो, त्यावर पहिले काही दिवस निभावतात. आठवडा-दहा दिवसांनी ते पहिली कात टाकतं आणि मग त्याला भूक लागते.

नवख्या मालकाने ही एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. कुत्र्याचं, मांजराचं, चिमणीचं, माणसाचं पिल्लू हे कुणीतरी भरवावं म्हणूनच जन्माला आलेलं असतं. सापाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असतं. आपल्या हातचा घास त्याला माया वाटत नाही. वरून झेपावणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घार.

पिंकी, फझी आणि हॉपर

आता ताटाकडे वळू. कॉर्न स्नेकचं पाळीव पिल्लू खातं ती उंदराची नुकती जन्मलेली, अंगावर लव न आलेली गुलाबी पिल्लं. तिकडच्या दुकानांत त्यांना 'पिंकी' म्हणतात. आपल्याकडे दर चौथ्या घरात लाडाने हाक मारली जाणारी पिंकी तिथे फ्रीजरमध्ये पाकिटात मिळते, हे ऐकून कुणाच्याही अंगावर काटा येईल. पिंकी दोनेक ग्रॅमची. अंगावर लव आली की तिची 'फझी' होते, डोळे उघडून ती टुणटुण उड्या मारू लागली की 'हॉपर', आणि मग पूर्ण वाढलेला उंदीर. सापाच्या वाढीबरोबर हा क्रम पुढे सरकतो.

किती मोठा घास द्यायचा याला डोळ्यांनी मोजायचा एक ठोकताळा आहे. सापाचं शरीर सर्वांत जाड जिथे असेल, तेवढ्याच जाडीचं किंवा फार तर त्याच्या दीडपट जाडीचं भक्ष्य द्यावं. जेवण झाल्यावर अंगावर किंचित फुगवटा दिसावा, लाडू गिळल्यासारखा गोळा दिसू नये. छोट्या पिल्लाला पाच ते सात दिवसांनी एकदा एवढं अन्न पुरतं. म्हणजे आठवड्यात एक जेवण आणि उरलेले सहा दिवस उपास. आपल्या आज्यांना हे पटणं कठीण, पण थंड रक्ताचा प्राणी अंग ऊबदार ठेवायला अन्न जाळत नाही. आपल्या जेवणाचा मोठा हिस्सा त्याच कामी खर्च होतो.

भक्ष्य जिवंत द्यावं की मेलेलं? रानात साप जिवंतच पकडतो, मग घरी तसंच का नको, असं नवख्याला वाटतं. पण रानात सुटायला जागा असते आणि काचेच्या पेटीत नसते. साप भुकेला नसेल आणि हॉपर किंवा मोठा उंदीर रात्रभर पेटीत राहिला, तर तो सापालाच कुरतडतो. अशा चाव्यांनी साप दगावतात. म्हणून जाणकार गोठवलेलं भक्ष्य द्यायला सांगतात. ते रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ सुटू द्यायचा आणि मग पिशवीसकट कोमट पाण्यात धरून अंगात ऊब आणायची. आत गारठा राहता कामा नये. मायक्रोवेव्हचा आडमार्ग मात्र कधीही नको. बाहेरून कच्चं, आतून शिजलेलं आणि मधूनच फुटलेलं भक्ष्य हाती येतं, ते सापाच्याही उपयोगाचं नाही आणि ओव्हनच्याही.

शाकाहारी घरांत इथे एक प्रश्न हमखास निघतो, की याला दुसरं काही चालत नाही का? नाही चालत. दूध, भात, पोळी, फळ यांतलं काहीही साप खात नाही. केवळ अंड्यांवर जगणारे साप जगात आहेत. आफ्रिकेत त्यांच्या काही जाती आहेत, आणि आपल्याकडचा अंडीखाऊ साप तर दुर्मीळ म्हणून प्रसिद्ध. तो २००३ साली वर्धा जिल्ह्यात मिळाला तेव्हा अभ्यासकांना केवढा आनंद झाला होता. पण तेही पक्ष्यांची अंडी अख्खी गिळतात, आणि अशा सापाच्या पिल्लाला कोंबडीचं अंडं कुठलं झेपणार? त्याला छोट्यात छोट्या पक्ष्याचं इवलंसं अंडंच लागतं. ज्याला उंदीर हाताळणं मनाला पटत नाही, त्याने साप पाळू नये. त्यात कमीपणा काही नाही. सापाला आपल्या तत्त्वांवर जगवायला निघणं यात मात्र क्रौर्य आहे.

पहिला घास

पिल्लू घरी आलं की पहिलं काम म्हणजे त्याला जेवायला न देणं. पाच-सात दिवस त्याला हातही लावू नये. प्रवासाचा धक्का, नवा वास, नवे आवाज यांतून ते सावरायला हवं. त्याची पेटी फार मोठी नको, कारण उघड्या मैदानात उंदीरही जेवत नाही आणि त्याला खाणारा सापही जेवत नाही. आत लपायला दोन जागा हव्यात, एक उबेच्या बाजूला, एक गारव्याच्या बाजूला. पाण्याचं भांडं हवं. पेटीच्या एका टोकाला २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २४ अंश तापमान असावं, म्हणजे हवं तिथे सरकण्याची मुभा सापाला राहते. खालून ऊब देणाऱ्या चटईला थर्मोस्टॅट लावलेला असावा, नाहीतर साप भाजतो.

मग एखाद्या संध्याकाळी, घरातला गलबला कमी झाल्यावर, कोमट पिंकी लांब चिमट्याने पिल्लाजवळ न्यायची. बोटांनी नव्हे. बोटाला उंदराचा वास लागला तर साप बोटालाच उंदीर समजतो, आणि यात चूक त्याची नसते. पिल्लाची जीभ लवलवू लागते. सापाचं वास घेणं जिभेवर चालतं. हवेतले कण जीभ टिपते आणि टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोहोचवते. मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळते, क्षणभर सगळं थांबतं, आणि झडप पडते. मेलेल्या पिंकीलाही ते इमानेइतबारे वेटोळं घालतं.

हे वेटोळं म्हणजे गळा आवळणं, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जात होतं. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बोआ जातीच्या सापांवर केलेल्या अभ्यासातून दिसलं, की विळख्यात उंदराचं रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोलमडतं. श्वास कोंडण्याच्या आधीच खेळ संपतो.

गिळणंही पाहण्याजोगं असतं. खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू हनुवटीशी हाडाने सांधलेल्या नसतात. त्यांना जोडणारा बंध ताणला जातो, त्यामुळे एकदा उजवी बाजू, एकदा डावी बाजू पुढे सरकवत साप जणू भक्ष्यावर चढत जातो. बहुतेक वेळा सुरुवात डोक्याकडून होते, म्हणजे पाय आणि केस आडवे येत नाहीत. तोंड भरलेलं असताना जीव गुदमरू नये म्हणून श्वासनलिकेचं तोंड पुढे आणायची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. सगळं उरकल्यावर पिल्लू दोनचार मोठ्या जांभया देऊन जबडा जागेवर बसवतं. या वेळी खोलीतल्या माणसांनी फक्त गप्प बसायचं असतं. टाळ्या, फ्लॅश, 'जवळून बघू' यांतल्या कशानेही पिल्लू दचकलं, तर तोंडातला घास टाकून ते दडी मारतं.

'नाही' म्हणण्याची कारणं

आणि पिल्लाने पिंकीकडे पाठ फिरवली तर? इथेच आपल्यातला आग्रही यजमान जागा होतो. तासाभराने पुन्हा पिंकी दाखवायची, नाकाशी हलवायची, उद्या पुन्हा, परवा पुन्हा. मग हातात घेऊन चुचकारायचं. मग कुणाचं तरी ऐकून तोंड उघडायचा प्रयत्न. दर वेळी पिल्लू अधिक घाबरतं आणि घाबरलेला साप खात नाही. त्याच्या न खाण्याने मालक अधिक अस्वस्थ होतो आणि आग्रह आणखी वाढवतो. या चक्रात सापडलेली पिल्लं भुकेने मरण्याआधी धास्तीनेच खंगतात.

नकाराला बहुधा साधं कारण असतं. डोळ्यांवर निळसर दुधाळ झाक आली असेल तर कात टाकायची वेळ झाली, त्या दिवसांत दिसतही कमी आणि भूकही कमी. पेटी गार असेल तर पोट काम करणार नाही हे सापाला आपल्याआधी कळतं. लपायला जागा नसेल, कुणी दिवसातून चार वेळा हाताळत असेल, पिंकी आतून गारच राहिली असेल, घास मोठा असेल, यांपैकी काहीही पुरेसं आहे. आणि एक कारण तर जातीचंच आहे. रानातली कॉर्न स्नेकची पिल्लं सुरुवातीला छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. काहींच्या नाकाला उंदीर हे अन्न आहे हेच ठाऊक नसतं. अशा वेळी जाणकार पिंकीला स्वच्छ पाण्याने धुऊन तिचा वास कमी करतात, किंवा सरड्याचा वास चोळून देतात. लाजऱ्या पिल्लाला हवेला भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात पिंकीसह ठेवून, वर फडका टाकून, रात्रभर एकटं सोडतात. सकाळी डबा उघडावा तर पिंकी गायब. कुणी पाहत नसताना जेवणारी माणसं आपल्याही घरात असतातच की!

यांतला प्रत्येक उपाय करून झाल्यावर पाच-सात दिवस थांबायचं. थांबणं हाच उपायाचा निम्मा भाग आहे. या काळात विश्वास ठेवायचा तो वजनकाट्यावर. एक वही करावी. तारीख, दिलेलं भक्ष्य, खाल्लं की नाही, कात कधी टाकली, आठवड्याचं वजन. खात नसलं तरी वजन टिकून असेल, पाठीचा कणा वर आलेला नसेल, अंगात चपळाई असेल, तर घाबरण्याचं कारण नसतं. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, कातडीला सुरकुत्या पडल्या, तोंडाशी फेस किंवा श्वासाला घरघर दिसली, तर सापांची माहिती असलेला पशुवैद्य गाठायचा. जबरदस्तीने भरवणं हे त्याचं काम आहे. सुतळीएवढ्या मानेत अन्न ढकलताना नवख्या हाताने जबडा मोडू शकतो.

पश्चिम आफ्रिकेतून जगभर गेलेला 'बॉल पायथन' तर उपासासाठीच प्रसिद्ध आहे. भीती वाटली की तो चेंडूसारखा गोळा होऊन बसतो, म्हणून हे नाव. मोठा, धडधाकट बॉल पायथन महिनेच्या महिने न जेवता राहतो आणि एके दिवशी काहीच न झाल्यासारखा खाऊ लागतो. तोवर मालकाचंच वजन उतरलेलं असतं.

पोटातली चूल

सापाने गिळलं म्हणजे काम झालं असं नाही. आपल्या पोटाची चूल आतून पेटते, त्याची चूल बाहेरच्या उबेवर चालते. पुरेशी ऊब मिळाली नाही तर पोटातलं भक्ष्य पचण्याऐवजी कुजायला लागतं आणि साप ते उलटून टाकतो. घास मोठा असला, किंवा जेवणानंतर लगेच कुणी उचलून घेतलं, तरी तेच होतं. म्हणून जेवणानंतर किमान ४८ तास सापाला हात लावायचा नाही, हा नियम घरातल्या लहानांनाच नव्हे, पाहुण्यांनाही लागू असतो.

उलटी झाली की मन कळवळतं आणि लगेच दुसरी पिंकी द्यावीशी वाटते. नेमकं तेच करायचं नाही. पोटातल्या आम्लाने अन्ननलिका पोळलेली असते, पाचक रस ओसरलेले असतात. दहा ते चौदा दिवस पूर्ण विश्रांती, पाणी तेवढं समोर, आणि मग नेहमीपेक्षा छोटा घास. लागोपाठ दोन-तीन उलट्या म्हणजे छोट्या पिल्लाच्या जिवाशी गाठ.

पचनाची ही खटपट केवढी मोठी असते, याची कल्पना बर्मी अजगरावरच्या संशोधनातून येते. मोठ्या जेवणानंतर त्याच्या शरीराचा व्यवहार अनेक पटींनी वाढतो, आतडी आणि यकृत यांचा आकार वाढतो, आणि अवघ्या ४८ तासांत हृदयाच्या मुख्य कप्प्याचं वस्तुमान ४० टक्क्यांनी वाढतं, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. जेवण पचलं की सगळं पुन्हा पूर्ववत. जेवण म्हणजे सापाच्या दृष्टीने एक मोहीमच असते, आणि मोहिमेवरच्या सैनिकाला मधेच कुणी गोंजारत नाही.

याच्या उलट टोकाचीही मंडळी आहेत. साप खातो आहे म्हटल्यावर त्यांना उत्साह येतो आणि लवकर मोठा व्हावा म्हणून ती दर दोन दिवसांनी घास देऊ लागतात. साप बिचारा समोर आलं ते खातो, कारण पुढचं जेवण कधी मिळेल याची खात्री त्याच्या पूर्वजांना कधीच नव्हती. मग चरबी साठते, यकृत बिघडतं आणि आयुष्य घटतं.

घरच्या आरोग्याचाही विचार हवा. सापाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि गोठवल्याने ते मरत नाहीत. २०१० साली अमेरिकेत गोठवलेल्या उंदरांमुळे लोक आजारी पडले आणि तो माल परत मागवावा लागला होता. उंदरांचं पाकीट शक्यतो वेगळ्या फ्रीजरमध्ये, निदान घट्ट बंद डब्यात हवं. त्यासाठीची भांडी वेगळी, स्वयंपाकाचा ओटा वर्ज्य, आणि हात साबणाने धुणं सक्तीचं. पाच वर्षांखालची मुलं आणि वयस्कर माणसं यांना सापापासून लांबच ठेवावं, असं तिकडचं आरोग्य खातं सांगतं. म्हणजे फ्रीजर उघडून दचकलेल्या आजीचं म्हणणं अगदीच चूक नसतं.

शिवाय हा पाहुणा दोन दिवसांचा नाही. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. दहा वर्षांच्या मुलाने हट्टाने आणलेला साप, तो मुलगा कॉलेजला परगावी गेल्यावर आई-वडिलांच्याच गळ्यात पडतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथन मादीने २०२० साली साठी उलटल्यावर, कित्येक वर्षांत नराचं तोंडही न पाहता, अंडी घातली होती. इतक्या वर्षांची दर आठवड्याची जेवणं कोण देणार, हा प्रश्न पिल्लू आणण्याआधी जेवणाच्या टेबलावर निघायला हवा.

आपल्या अंगणातला साप

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पकडणं, पाळणं, विकणं, त्यांचे खेळ करणं हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या परदेशी जाती बाळगणाऱ्यालाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, आणि त्याचे नियम २०२४ मध्ये आले. तेव्हा वरचा मजकूर वाचून कुणी पावसाळ्यात अंगणात सापडलेलं पिल्लू बरणीत घालून पिंकीच्या शोधात निघू नये. कवड्या म्हणून उचललेलं पिल्लू मण्यारही असू शकतं, आणि विषारी सापाचं पिल्लू जन्मल्या दिवसापासून विषारीच असतं. घरात साप निघाला तर लांबून नजर ठेवावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं किंवा जवळच्या सर्पमित्राला बोलवावं.

पण सापाला भरवण्याची चूक आपण वेगळ्या रीतीने पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत. दूध हे सापाचं अन्न नाही, त्याला ते पचत नाही. गारुडी सापाला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवत. मग तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते द्रव पीत असे आणि आपण हात जोडून म्हणत असू, नागोबा दूध प्यायला. ते दूध फुफ्फुसात जाऊन किंवा पोटात नासून किती नाग मेले असतील! त्यातल्या एकाही वाटीमागे दुष्टावा नव्हता. होती ती मायाच, समोरच्याला काय हवं हे न विचारता वाढलेली.

तिकडच्या त्या फ्लॅटमधला नवखा मालक आणि इकडची वाटी घेऊन उभी असलेली भाविक बाई यांच्यात म्हणूनच फार अंतर नाही. दोघांनाही वाटतं की दिलेलं घेतलं गेलं पाहिजे. साप पाळणाऱ्या घरातल्या मुलाला मात्र एक दिवस कळतं, की आपल्या हातात फक्त ऊब, आडोसा, पाणी आणि योग्य आकाराचा घास आहे. खायचं की नाही, हे समोरचा ठरवणार. दर आठवड्याला वहीत एक नोंद करायची, चिमटा धुऊन ठेवायचा, दिवा मालवायचा आणि खोलीबाहेर जायचं. चौदा-पंधरा वर्षांचं पोर इतकं शिकलं तर त्या वीतभर पिल्लाने घरावर उपकारच केले म्हणायचे. आणि आपल्याला तर यासाठी साप पाळायचीही गरज नाही. या नागपंचमीला नागाचं चित्र पुजावं, नैवेद्याचं दूध घरातल्या पोरांना द्यावं, आणि बांधावरून जाणारी धामण दिसली तर काठी शोधण्याऐवजी तिला वाट द्यावी. तिचं जेवण आपल्या कणगीच्या आसपासच धावत असतं.